उटण्याच्या पुडीतला इतिहास

वाचकहो, दिवाळी जवळ आली की सेरंगून रोडवरच्या दुकानांत उटण्याची पाकिटे दिसू लागतात. भारतातून येणाऱ्या आईवडिलांच्या बॅगेतही चकली-करंजीच्या डब्यांच्या फटीत दोन-चार पुड्या खोचलेल्या असतात. या वर्षी पुडी फोडण्यापूर्वी एवढे करा : तिची मागची बाजू वाचा. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत 'शंभर टक्के नैसर्गिक', 'पारंपरिक', 'परिणामकारक' असे काहीबाही छापलेले असते. मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, चंदन, अनंतमूळ, गुलाबपाकळी, संत्र्याची साल, मसुरीचे पीठ. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला पुढच्या घोषणांपेक्षा ही मागची यादी अधिक बोलकी वाटते.

ही यादी म्हणजे एक दस्तऐवज आहे. ताम्रपटात जशी दान देणाऱ्यांची नावे असतात, तशी या यादीत आपल्या अंगाला आणि केसांना कोणी, कुठून, केव्हा काय आणून दिले त्याची नोंद आहे. ती कशी तयार झाली, तिच्यातले काय खरोखर कामाचे आहे, आणि ती पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवायची तर आपण काय करायला हवे, एवढे या लेखात तुमच्यासमोर मांडायचे आहे.

पोथीतले न्हाणे

अंगाला तेल लावण्याची चाल किती जुनी? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात रोजच्या दिनचर्येत अभ्यंग सांगितला आहे. तिथला दृष्टान्त अगदी घरगुती आहे : तेल मुरलेला घडा, तेल दिलेले चामडे आणि वंगण घातलेला गाडीचा आख जसे टिकतात, तसे तेल लावलेले शरीर टिकते. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत सुगंधी द्रव्यांवर स्वतंत्र अध्याय लिहिला आणि त्याची सुरुवात केली ती केसांच्या कलपापासून. डोक्यावरचे केस पांढरे असतील तर माळा, अत्तर, दागिने काहीच शोभत नाही, तेव्हा आधी केसांकडे बघा, असा त्याचा सल्ला आहे. त्याच्या कलपात लोखंडाचे चूर्ण आणि आंबवलेले आम्ल आहे. दीड हजार वर्षांपूर्वीही माणसे पिकल्या केसांनी हैराण होती, हे वाचून माझ्या वयाच्या वाचकांना थोडा दिलासा मिळावा.

आपल्या भूमीच्या अधिक जवळ यायचे तर कल्याणीच्या चालुक्यांकडे जावे लागते. आजचा सोलापूर, धाराशिव, नांदेडचा परिसर त्यांच्या सत्तेखाली होता. त्यांच्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. दळण-कांडण करताना महाराष्ट्रातील स्त्रिया ओव्या गातात ही जुनी नोंद याच ग्रंथातली, म्हणून मराठीचे अभ्यासक तो वारंवार उघडतात. पण त्यात राजाच्या स्नानाचेही सविस्तर वर्णन आहे : फुलांच्या वासात मुरवलेले तिळाचे तेल, मग सुगंधी द्रव्यांचे उटणे, मग स्नान. तेल, उटणे, पाणी. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्या घरी चालतो तो हाच क्रम.

हे सगळे संस्कृतात. मग मराठीत? इथे एका थोर माणसाचे नाव घ्यायला हवे. परशुराम कृष्ण गोडे हे मूळचे देवरुखचे. 1919 पासून 1961 मध्ये निधन होईपर्यंत ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर होते. राजे आणि लढाया यांच्यापलीकडे पाहणारा हा माणूस. मेंदीचा इतिहास, रिठा-साबण-धोबी यांचा इतिहास, खाद्यपदार्थांचा इतिहास अशा विषयांवर त्यांनी शेकडो निबंध लिहिले. 1945 च्या सुमारास त्यांनी दोन विस्मृत ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. एक गंगाधराचा 'गन्धसार' आणि दुसरा अज्ञात कर्त्याचा 'गन्धवाद'. या दुसऱ्या ग्रंथावर चक्क मराठी टीका आहे. गोड्यांनी तिचा काळ साधारण 1350 ते 1550 असा ठरवला. पुढे 1989 मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने हे दोन्ही ग्रंथ छापले.

तरुण वाचकांनो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्ञानेश्वरी आणि एकनाथी भागवत यांच्या मधल्या काळात कोणीतरी मराठी माणूस बसून सुगंधी तेले, धूप आणि अंगाला लावायची द्रव्ये कशी करावीत हे आपल्या भाषेत समजावून सांगत होता. 'गन्धसारा'त द्रव्यावर करायच्या सहा क्रिया दिल्या आहेत : भावना, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. चूर्णाला द्रवाचे पुट देणे, शिजवणे, एका वासाने दुसरा वास जागा करणे, धुरी देणे, फुलांत ठेवून वास मुरवणे अशी ही कामे आहेत. त्या काळच्या लोकांना हे एक शास्त्र वाटत होते. त्याला परिभाषा होती, पद्धत होती आणि मालाची परीक्षा होती.

समुद्रावरून आलेला वास

आता सिंगापूरच्या नकाशाकडे या. आपल्या मंडळात कधीकधी असे बोलले जाते की इथे परमुलखात आपण आपल्या मातीतल्या गोष्टी जपतो. भावना योग्यच आहे. पण जुन्या उटण्यांच्या आणि सुगंधांच्या याद्या वाचल्या तर यातली 'आपली माती' बरीच पसरलेली दिसते.

कापूर घ्या. जुन्या वैद्यांचा उत्तम मानलेला भीमसेनी कापूर सुमात्रा, बोर्निओ आणि मलाय द्वीपकल्पात वाढणाऱ्या उंच वृक्षाच्या खोडात खड्यांच्या रूपात सापडतो. क्वालालंपूरजवळ केपाँगच्या वनसंशोधन संस्थेत हे वृक्ष पाहता येतात. एकमेकांना न टेकणाऱ्या त्यांच्या शेंड्यांमधून आकाशाच्या रेघा दिसतात. हा कापूर सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील बारूस बंदरातून बाहेर पडे. मलायमध्ये त्याला आजही 'कापुर बारूस' म्हणतात. आपला 'कापूर' आणि संस्कृत 'कर्पूर' हे शब्द मुळात याच बेटांवरून आपल्याकडे आले असावेत, असे अनेक भाषातज्ज्ञ मानतात. त्याच बारूसजवळ लोबू तुआ येथे 1088 सालचा एक तमिळ शिलालेख सापडला आहे. तो कोरवणारा व्यापारी संघ म्हणजे 'अय्यावोळेचे पाचशे स्वामी', म्हणजे मूळ ऐहोळेचा संघ. याच संघाचे उल्लेख कोल्हापूर-मिरज भागातील बाराव्या शतकाच्या शिलालेखांत मिळतात. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर ज्या संघाचे व्यापारी दान देत होते, त्याच संघाची माणसे कापराच्या बंदरात बस्तान बसवून होती.

लोबान घ्या. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घातल्यावर केसांना जी धुरी देतात त्यातला ऊद किंवा लोबान बराचसा सुमात्राच्या झाडांचा डिंक आहे. अरबांनी त्याला 'लुबान जावी' म्हटले, म्हणजे जावाकडचा लोबान. चंदन दख्खनचे, तसेच तिमोरचे. पोर्तुगीज तोमे पिरेस 1512 ते 1515 या काळात मलाक्क्यात होता. मलाय व्यापाऱ्यांची एक म्हण त्याने नोंदवली आहे. देवाने तिमोर चंदनासाठी, बांदा जायपत्रीसाठी आणि मालुकू लवंगांसाठी निर्माण केले, असा तिचा आशय.

मलाक्क्याहून हा माल गोव्याला जाई. तिथे गार्सिया द ओर्ता हा वैद्य राहत होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहावर त्याने उपचार केले होते. त्याचा भारतीय औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. कापूर, लोबान, चंदन यांवर त्याने स्वतंत्र प्रकरणे लिहिली आणि बोर्निओचा कापूर चिनी कापरापेक्षा कितीतरी पट महाग असल्याचे बजावले. मलाक्का ते गोवा हा माल वाहणारा सागरी मार्ग आणि आपण रोज ईस्ट कोस्टवरून पाहतो ती जहाजांची रांग, दोन्ही एकमेकींना लागून असलेल्या सामुद्रधुनींतली.

जाणे-येणे दोन्ही दिशांनी होते. तुमच्या मलाय शेजाऱ्याला विचारा. चंदनाला तो 'चेंदाना' म्हणेल, चाफ्याला 'चेम्पाका', कस्तुरीला 'केस्तुरी', जाईजुईच्या जातीच्या फुलाला 'मेलाती'. हे सगळे संस्कृत वळणाचे शब्द आहेत, 'मेलाती' म्हणजे आपली मालतीच. आणि आपले कांपोंग ग्लाम ज्या 'गेलाम' झाडावरून नाव मिळवून बसले, त्या झाडाच्या पानांपासून निघणारे कायुपुटी तेल सर्दी-अंगदुखीला चोळायची चाल या भागात घरोघर आहे. म्हणून सिंगापुरात उटणे लावणे हे परमुलखात घडवून आणलेले घरचे नाटक नव्हे. उटण्याची निम्मी बाजारपेठ इथेच होती.

चंपीपासून साबणापर्यंत

एकोणिसाव्या शतकात ही देवघेव युरोपपर्यंत गेली आणि तिथून बदलून परत आली. 'शाम्पू' हा शब्द आपल्या 'चंपी'चा भाऊ. पाटण्यात जन्मलेल्या दीन महंमदाने इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाफारा आणि मालिश यांचे स्नानगृह काढले, 1822 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले आणि राजा चौथा जॉर्ज याच्यापर्यंत कीर्ती मिळवली. तेव्हा 'शाम्पू' म्हणजे अंग रगडणे. त्याचा अर्थ केस धुणे असा झाला तो नंतर, आणि बाटलीतला द्रव असा झाला तो त्याहूनही नंतर. दरम्यान लंडनमध्ये 'मकासार तेल' नावाचे केसांचे तेल तुफान खपत होते. मकासार म्हणजे सुलावेसीवरचे बुगिस व्यापाऱ्यांचे बंदर, ज्यांच्या नावाने आपल्याकडे बुगिस स्ट्रीट आहे. हे तेल तिथल्या द्रव्यांपासून केल्याचा विक्रेत्याचा दावा होता. दूरच्या बेटाचे नाव, निसर्गाची हमी आणि केसांचे वचन ही जाहिरातीची त्रिसूत्री दोनशे वर्षांत तसूभरही बदललेली नाही. लोकांच्या डोक्याच्या तेलाने खुर्च्या खराब होऊ लागल्या, म्हणून पाठीवर घालायच्या विणलेल्या रुमालाला इंग्रजीत 'अँटिमकासार' हे नाव पडले. आपल्या आज्यांच्या दिवाणखान्यात क्रोशाने विणलेले जे रुमाल खुर्चीवर असत, ते हेच.

मग आला साबण. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. स्वदेशी आणि सोवळे या दोन्ही भावना त्यात एकत्र आल्या. युद्धामुळे म्हैसूरच्या चंदनाची युरोपातली विक्री थांबली, तेव्हा संस्थानाने चंदनाचे तेल आपल्याकडेच काढायला सुरुवात केली आणि त्यातून चंदनाचा साबण जन्मला. आज 'परंपरेचा वास' म्हणून आपल्याला जो आठवतो, तो पुष्कळदा साबणाच्या वडीचा असतो.

या क्रमातली सर्वांत मराठी गोष्ट हळदीच्या क्रीमची आहे. केशव विष्णु पेंढरकर यांनी 1952 मध्ये मुंबईत विको ही कंपनी स्थापन केली. पुढे सत्तरच्या दशकात त्यांचे हळदीचे क्रीम आले. त्यावर अबकारी खात्याने प्रश्न काढला : हे सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदीय औषध? दोन्हींचा कर वेगळा. तो वाद कित्येक वर्षे चालला, पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि शेवटी क्रीम औषधच ठरले. मला हा खटला फार उद्बोधक वाटतो. आपल्या परंपरेत लग्नाआधी लावायची हळद औषध की शृंगार, असा प्रश्न कोणी विचारत नव्हते. ती शुभ होती, अंगाला बरी होती आणि रंग उजळतो अशी समजूत होती. कपाटाचे वेगवेगळे कप्पे नंतर आले.

कामाचे काय, नुसते नावाचे काय

आता तुम्ही म्हणाल, इतिहास झाला, पण याने फायदा होतो का? रास्त प्रश्न आहे, आणि त्याला एकच उत्तर नाही.

शिकेकाई आणि रिठा यांचा फेस येतो तो त्यांच्यातील सॅपोनिन या द्रव्यांमुळे. साबण अल्कधर्मी असतो, केस आणि त्वचा किंचित आम्लधर्मी. शिकेकाईचे पाणीही सौम्य आम्लधर्मी, म्हणून ती केसांना साबणासारखी रखरखीत करत नाही. दख्खनच्या विहिरींच्या जड पाण्यात साबणाचा चोथा होतो, रिठ्याचा होत नाही. म्हणजे आपल्या पणज्यांनी ही झाडे निवडली त्याला त्यांच्या पाण्याचेही कारण होते. 'शिकेकाई'तला शेवटचा 'काई' हा द्राविड भाषांतील शेंग किंवा कच्चे फळ या अर्थाचा शब्द आहे. इथले तमिळ शेजारी दीपावलीच्या पहाटे तिळाचे तेल आणि 'सीयक्काय' यांनीच न्हातात. त्या एका पहाटे आपले आणि त्यांचे न्हाणीघर एकच असते.

खोबरेल तेलावर 2003 मध्ये आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या मुंबईच्या संशोधकांचा निबंध प्रसिद्ध झाला. खोबरेल, सूर्यफुलाचे आणि खनिज तेल यांची तुलना करून त्यांनी दाखवले की केसांतील प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी होते, कारण त्यातील लॉरिक आम्लाचा लहान, सरळ रेणू केसाच्या आत शिरू शकतो. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीत काम करत होते. साधन कोणाच्या घरचे आहे ते आधी पाहायचे, ही इतिहासकाराची सवय इथेही सोडू नये. पण प्रयोग मांडलेला आहे, पद्धत उघड आहे आणि पुढच्या अभ्यासकांनी तो गांभीर्याने घेतला आहे.

हळदीबाबत मात्र जरा जपून. कर्क्युमिन या तिच्यातील रंगद्रव्यावर हजारो निबंध निघाले, पण 2017 मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकातील आढाव्याने स्पष्ट सांगितले की हे द्रव्य शरीरात टिकत नाही आणि माणसांवरच्या काटेकोर चाचण्यांत त्याचे यश सिद्ध झालेले नाही. याने हळद निरुपयोगी ठरत नाही. सर्व रोगांवर हळद, असे सांगणारी जाहिरात मात्र पोकळ ठरते.

आणि 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, हे तर आपल्या आज्यांनी कधीच मान्य केले नसते. बिब्बा नैसर्गिकच आहे. त्याचे तेल अंगाला लागले की कातडी भाजून फोड येतात, हे कोकणात-देशावर शेंबडे पोरही जाणते. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले की काय होते ते लहानपणी आपण सर्वांनी अनुभवले आहे. चंदनाच्या नावाने भलतेच लाकूड आणि हळदीत भलताच रंग मिसळण्याची लबाडी जुनीच. म्हणून तर 'गन्धसारा'सारख्या ग्रंथात द्रव्य पारखण्याच्या खुणा दिल्या आहेत. बाळाच्या अंगाला काहीही लावण्यापूर्वी हाताच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस वाट पाहा, आणि पुरळ उठल्यास उटण्याचा अभिमान बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

आणखी एक गोष्ट : हवामान. पुण्यात दिवाळीच्या पहाटे खोबरेल थिजलेले असते. वाटी निखाऱ्यावर किंवा गरम पाण्यात धरावी लागते. थंडी सुरू होते, ओठ फुटतात, अंगाला पांढऱ्या रेघा उठतात, तेव्हा तेल जिरवणे हा शहाणपणा होता. सिंगापुरात खोबरेल बारा महिने पातळ आणि हवा कायम ओलसर. इथे रोज अंगभर तेल चोपडले तर घामोळ्या आणि मुरुमांना आमंत्रण. इथल्या मलाय आणि पेरानाकान बायकांनी या हवेसाठी वेगळा उपाय काढला : 'बेदाक सेजुक'. तांदूळ बरेच दिवस पाण्यात भिजवून, आंबवून, वाटून त्याचे छोटे थेंब उन्हात वाळवतात, आणि पाण्यात कालवून तोंडाला लावतात. थंडाव्यासाठी. आपल्या मुली इथे वाढल्या आहेत. त्यांच्या पुडीत एक दिवस आंबेहळदीशेजारी बेदाक सेजुकही आली, तर परंपरा बाटली असे मी म्हणणार नाही. ती नेहमी अशीच वाढत आली आहे.

कागदाची ताकद

आता या लेखामागच्या खऱ्या कारणाकडे येतो.

मार्च 1995 मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने हळदीच्या चुर्णाने जखम बरी करण्याच्या पद्धतीवर पेटंट दिले. ते मिळाले मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांच्या कामाला, आणि दोघेही भारतीय वंशाचे होते. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्याच्या माशेल गावी जन्मलेले, मुंबईत गरिबीत शिकलेले. कापले-भाजले की आई हळद दाबते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. परिषदेने 1996 मध्ये पेटंटला आव्हान दिले.

इथे कायद्यातली मेख समजून घ्या. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार एखादी गोष्ट अमेरिकेत आधी वापरात असेल तर ती नवी मानली जात नसे. अमेरिकेबाहेरची गोष्ट असेल तर मात्र ती छापलेली दाखवावी लागे. कोट्यवधी भारतीय आयांनी शतकानुशतके हळद लावली असेल, पण ते तोंडी ज्ञान पुराव्यात धरले जात नव्हते. परिषदेच्या लोकांनी ग्रंथालये पालथी घालून संस्कृत, उर्दू, हिंदीतील 32 संदर्भ जमवले. त्यांतले काही शंभर वर्षांहून जुने होते. 1953 मध्ये भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आलेला एक निबंधही त्यांत होता. 1997 मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले.

कडुनिंबाची लढाई युरोपात झाली. तिथले बुरशीनाशकाचे पेटंट 2000 मध्ये रद्द झाले आणि 2005 मध्ये त्यावरचे अपीलही फेटाळले गेले. तिथे वापराचा पुरावा चालत होता. पुणे आणि सांगली जिल्ह्यांतील शेतांवर 1985-86 मध्ये झालेल्या प्रयोगांची साक्ष त्यात महत्त्वाची ठरली. या अनुभवांतून 2001 मध्ये भारताने पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारायला घेतले. जुन्या ग्रंथांतील योग त्यात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत मांडले, जेणेकरून परदेशी परीक्षकाला 'आम्हाला ठाऊक नव्हते' असे म्हणता येऊ नये.

या सगळ्यातून माझ्या मनावर ठसलेली गोष्ट एकच. हळद वाचली ती ती जुनी होती एवढ्याने नव्हे. कोणीतरी लिहून ठेवले होते, आणि कोणीतरी ते शोधून काढले, म्हणून वाचली. गोड्यांनी ती मराठी टीका शोधली नसती तर आपल्या गंधशास्त्राची ती साक्ष दप्तरातच पडून राहिली असती. ग्रंथांतले ज्ञान आता बऱ्यापैकी सुरक्षित आहे. घरातले नाही. ग्रंथात न आलेल्या कितीतरी गोष्टी अजून फक्त माणसांच्या हातांत आहेत, आणि ते हात थकत चालले आहेत.

माझ्याकडे आईच्या अक्षरातला उटण्याचा एक कागद आहे. त्यात 'नागरमोथा दोन आण्याचा, वाळा एक आण्याचा, कचोरा मूठभर' असे लिहिले आहे. काष्ठौषधीच्या दुकानात जायचे, आण्याच्या हिशेबाने घ्यायचे, घरी येऊन उन्हात वाळवायचे, कुटून वस्त्रगाळ करायचे. तिच्या काळात ते पुरेसे होते. पण दोन आण्यांचा नागरमोथा म्हणजे किती? वर्ष कळले तर भाव काढता येईल, भाव कळला तर वजन. मूठ मात्र कायमची गेली.

म्हणून वाचकहो, तुमच्याकडे माझे मागणे आहे, आणि ते मुख्यतः इथे जन्मलेल्या, वाढलेल्या मुलामुलींकडे आहे. या दिवाळीत आजी-आजोबा इथे आले असतील, किंवा फोनच्या पडद्यावर भेटणार असतील, तर त्यांना उटणे, तेल, काजळ, केसांचा काढा कसा करत ते विचारा आणि लिहून घ्या. मराठीत लिहिता येत नसेल तर इंग्रजीत लिहा, पण द्रव्याचे नाव ते जसे उच्चारतात तसेच देवनागरीत कोणाकडून तरी लिहून घ्या. एकाच नावाची वनस्पती गावागावांत वेगळी असते. 'प्रियंगू' म्हणजे नेमके कोणते झाड, यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. तेव्हा शक्य असेल तर द्रव्याचे छायाचित्र काढा. माप ग्रॅममध्ये करा. आजी 'मूठभर' म्हणाली तर तिची मूठ वजनकाट्यावर रिकामी करायला सांगा. ती हसेल, पण करेल. कोणत्या गावची रीत, कोणत्या ऋतूत, बाळासाठी की मोठ्यांसाठी, हे नोंदवा. आणि सर्वांत महत्त्वाचे, काय लावायचे नाही आणि का, हेही विचारा. उपायांची यादी जाहिरातीतही मिळते, निषेधांची यादी फक्त अनुभवाकडे असते.

तिने सांगितलेले सगळेच शास्त्राच्या कसोटीला उतरेल असे नाही. काही खोबरेलासारखे टिकेल, काही गळून पडेल. पण पारखायला आधी ते हाती असावे लागते. कागदावर तारीख घाला, तिचे नाव घाला, आणि खाली आपले. सहाशे वर्षांपूर्वी 'गन्धवाद' मराठीत समजावून सांगणाऱ्याचे नाव आपल्याला माहीत नाही. तुमच्या आजीचे तरी राहू द्या.

दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.